शेंदेलोण खाल्लं की बीपी वाढत नाही? त्या मेसेजमधला एकेक दावा

"पांढरं मीठ आजच बंद करा, शेंदेलोण सुरू करा. बीपी वाढत नाही, 84 खनिजं मिळतात. आयोडीनच्या मिठाने थायरॉईड बिघडतो, शिवाय त्यात सायनाइड असतं." हा मेसेज घरच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी येतो. त्यावर विसंबून नुसतं मीठ बदललं तर एक वेळ चालेल, पण काही जण बीपीची गोळीही आपल्या मनाने सोडतात. म्हणून यातला एकेक दावा नीट तपासायला हवा.

आधी बीपी. रक्तदाब वाढवतो तो मिठातला सोडियम. शेंदेलोण, म्हणजेच सैंधव, खाणीतून निघतं, आपलं नेहमीचं मीठ बहुतांशी मिठागरातून येतं. पण दोन्ही मुळात सोडियम क्लोराइडच. शेंदेलोणात त्याचं प्रमाण साधारण 95 ते 98 टक्के असतं. पादेलोणही मुख्यतः तेच. 5 ग्रॅम मिठात जवळजवळ 2 ग्रॅम सोडियम असतो, मग मीठ गुलाबी असो की पांढरं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलं आहे, म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा.

फरक पडतो तो दाण्याचा. जाडसर मिठाचा चमचा वजनाला हलका भरतो, कारण खड्यांमध्ये पोकळी राहते. त्यामुळे तेवढ्याच चमच्यात पदार्थ अळणी लागतो, हात पुन्हा बरणीत जातो आणि सोडियम होता तिथेच येतो.

84 खनिजांचा हिशेब घरीच मांडता येतो. मीठ 97 टक्के शुद्ध धरलं तर 5 ग्रॅममध्ये इतर सगळं मिळून 0.15 ग्रॅम उरतं. हे सगळंच्या सगळं पोटॅशियम आहे असं मानलं, तरी झाले 150 मिलिग्रॅम. एका मध्यम केळ्यात सुमारे 400 मिलिग्रॅम असतं. गुलाबी रंग लोहाच्या संयुगांमुळे येतो, पण तेवढ्या लोहाने हिमोग्लोबिन वाढत नाही.

आयोडीनचा दावा सगळ्यांत घातक आहे, कारण त्याची किंमत गर्भातल्या बाळाला मोजावी लागते. मोठ्या माणसाला रोज 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदरपणी 250. ते कमी पडलं तर गलगंड होतो आणि बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला, तेव्हा मुलांमधला गलगंड झपाट्याने उतरला. त्यातूनच 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. शेंदेलोणात आयोडीन जवळजवळ नसतंच. पाकिटावर 'आयोडीनयुक्त' छापलेलं असेल तरच ते मिळतं. उपासापुरतं शेंदेलोण वापरायला काहीच हरकत नाही. वर्षभर घरात दुसरं मीठच नाही, ही अडचण आहे.

थायरॉईडची गोळी चालू असणाऱ्यांनीही स्वयंपाकातलं आयोडीनचं मीठ सहसा बंद करायची गरज नसते. रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन देऊन थायरॉईडवर करतात त्या उपचाराआधी थोड्या दिवसांसाठी डॉक्टर ते बंद करायला सांगतात, ती गोष्ट वेगळी. बरणी मात्र घट्ट झाकणाची हवी आणि शेगडीपासून लांब ठेवावी, कारण ओल आणि उष्णतेने आयोडीन उडतं.

सायनाइडचं म्हणाल, तर मीठ मोकळं राहावं म्हणून काही कंपन्या त्यात पोटॅशियम फेरोसायनाइड घालतात. त्यातला सायनाइड लोहाशी इतका घट्ट बांधलेला असतो की पोटात तो सुटत नाही. मर्यादाही किलोला 10 मिलिग्रॅम आहे. म्हणजे 5 ग्रॅम मिठात फार तर 0.05 मिलिग्रॅम. 60 किलोच्या माणसाला रोज 1.5 मिलिग्रॅमपर्यंत सुरक्षित मानलं जातं.

मग बीपीसाठी करायचं काय? मिठाचं नवं पाकीट फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. चार माणसांच्या घरात, माणशी 5 ग्रॅम धरले, तर किलोभर मीठ 50 दिवस पुरायला हवं. लोणचं, पापड, फरसाण, पाव यांतलं मीठ वेगळंच येत असतं, म्हणून खरं तर त्याहून जास्त दिवस. तीस दिवसांत संपत असेल तर आधी भातातलं आणि कणकेतलं मीठ काढा. आमटी-भाजीबरोबर खाताना ते कळतही नाही. मग आमटी-भाजीत दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं कमी करा. एकदम निम्मं केलंत तर ताटात वरून मीठ घेतलं जातं आणि सगळी मेहनत वाया जाते. लिंबू, कोकम, चिंच, भाजलेलं जिरं, लसूण यांनी चव सावरते. काही आठवड्यांत जिभेला तेच पुरेसं वाटू लागतं. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियमच असतो, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

फरक पाहायचा तर आठवडाभर सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी बीपी मोजा. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा, दंड छातीच्या पातळीला ठेवा, मिनिटाभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. गोळी कमी करायची का, ते ही वही पाहून डॉक्टर ठरवतील.

खरोखर सोडियम कमी असलेलं मीठही मिळतं. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. चीनमधल्या 600 गावांत असं मीठ वापरून पाहिलं, तेव्हा पक्षाघाताचं प्रमाण घटलं. हे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. पण मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशांनी ते पाकीट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय फोडू नये.