काल यायला हवं होतं

"काय हो, तुम्हाला एकट्यालाच डॉल्फिन दिसला नाही म्हणे?"

हा प्रश्न आज सकाळी मला लिफ्टमध्ये विचारण्यात आला. माझ्या दोन्ही हातांत दुधाच्या पिशव्या होत्या आणि लिफ्ट नुकतीच तळमजल्यावरून निघाली होती, त्यामुळे पळायला वाव नव्हता. विचारणाऱ्या होत्या चौथ्या मजल्यावरच्या काकू. चेहरा अगदी दहाव्याला भेटायला आल्यासारखा. मी "हो ना" म्हणालो. त्यावर त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, "असू दे. असतं एकेकाचं."

आणि चौथा मजला आला.

असतं एकेकाचं! काय असतं? माझ्या पत्रिकेत सागरी सस्तन प्राण्यांच्या घरात शनी बसलाय का? रात्रीपर्यंत मी हे विसरेन असं वाटलं होतं. विसरलो नाही, म्हणून लिहितोय.

पाच दिवस, पाच माणसं, एक गाडी. मी, बायको, नववीत गेलेला मुलगा, तिसरीत गेलेली मुलगी आणि माझी आई. परीक्षा संपल्या होत्या, आंबा यायला लागला होता आणि बायकोचं म्हणणं असं की मुलांनी प्राणी मोबाइलबाहेरही बघावेत. म्हणून वेळासला कासवं, रत्नागिरीत शहर, मालवणला किल्ला आणि डॉल्फिन, शेवटी आंबोलीचं जंगल. मुंबई-गोवा रस्त्याबद्दल मी काही बोलणार नाही. रुंदीकरण २०११ साली सुरू झालं आणि आमचे चिरंजीवही त्याच सालचे. दोघांचंही विचारावं तेव्हा "चालू आहे" एवढंच उत्तर मिळतं.

बागमांडल्याला गाडी जंगलजेटीत घातली, बाणकोटची खाडी ओलांडली आणि वेळासला पोचलो. नाना फडणविसांचं हे मूळ गाव, हे आईनं तीनदा सांगितलं. पण आता गाव ओळखलं जातं ते ऑलिव्ह रिडले कासवांमुळे. मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. परत बघायलाही येत नाही. (हे ऐकून आईनं माझ्याकडे का बघितलं, कळलं नाही.) पूर्वी ही अंडी कोल्ह्या-कुत्र्यांच्या आणि माणसांच्याही पोटात जायची. आता गावातली मंडळी ती उचलून कुंपणातल्या खड्ड्यांत जपून ठेवतात, वर बांबूच्या टोपल्या पालथ्या घालतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी सकाळ-संध्याकाळ एकेक टोपली उचलून बघतात. पिल्लं असली की समुद्राच्या अलीकडे वाळूत सोडतात आणि ती आपापली चालत पाण्यात जातात. खरंच सुंदर काम आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार टोपलीबद्दल आहे. सकाळी साडेसहाला शेदोनशे माणसं दोरीच्या अलीकडे श्वास रोखून उभी. पहिली टोपली उचलली. वाळू. दुसरी. वाळू. मुलगी माझ्या खांद्यावर, तिचा बूट माझ्या कानात. शेवटच्या टोपलीखालीही वाळूच निघाली, आणि तिथला मुलगा अगदी अदबीनं म्हणाला, "काल बेचाळीस निघाली. काल यायला हवं होतं."

संध्याकाळी पुन्हा गेलो. पुन्हा वाळू. वाळूच्या उबेवर पिल्लू नर होणार की मादी ते ठरतं, वाळू जास्त तापली की माद्या जास्त, अशी माहिती मिळाली. माहिती भरपूर मिळाली. कासव सोडून सगळं मिळालं.

रत्नागिरीत थिबा पॅलेस बघितला. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी राज्य काढून घेतलं आणि त्याला इकडे आणून ठेवलं. राजवाडा तयार झाला १९१० साली, आणि १९१६ साली तो गेला. म्हणजे कोकणात तीस वर्षं, समुद्राकडे तोंड करून. मुलगा म्हणाला, "बाबा, त्याला तरी डॉल्फिन दिसला असेल का?" तोवर आम्ही मालवणला पोचलोही नव्हतो, तरी पोराला अंदाज आला होता. मला त्या राजाचा हेवा वाटला. राज्य गेलं, देश गेला, पण लिफ्टमध्ये गाठून त्याला कुणी काही विचारलं नाही.

तर आता होडी.

तारकर्लीच्या बाजूला सकाळी सातला होडीत बसलो. आम्ही पाच, कॉलेजची चार पोरं, एक नवं जोडपं आणि काका-काकू. लाइफ जॅकेटं आली. माझ्या जॅकेटला आधीच्या किमान चाळीस पर्यटकांचा घाम होता आणि पट्टा नव्हता. आईचं जॅकेट बायकोनं ओढणीनं बांधलं. होडीवाला तिशीतला, शांत. दोरी सोडता सोडता म्हणाला, "काल बरेच होते ओ."

माझ्या पोटात तिथंच खड्डा पडला.

आता काकांकडे वळतो. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर दोरीची टोपी, शर्टाच्या खिशात वही आणि वहीला रबर लावून अडकवलेलं पेन. ते पुण्याचे असणार अशी तुमची समजूत झाली असेल, तर तसं नाही. ते आमच्याच ठाण्याचे निघाले, दोन स्टॉप अलीकडचे. सरकारी खात्यातून निवृत्त. कोणत्या खात्यातून ते त्यांनी सांगितलं नाही, पण पुढचा तासभर त्यांनी होडी ज्या पद्धतीनं चालवली त्यावरून हजेरीपटाशी संबंध असावा.

होडी निघताच काकांनी सर्वांना उद्देशून सूचना केली. डॉल्फिन दिसला की नुसतं "तिकडे तिकडे" ओरडायचं नाही. घड्याळाच्या काट्याप्रमाणे दिशा सांगायची. होडीचं टोक म्हणजे बारा. उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. कळलं? सगळ्यांनी माना हलवल्या. आई तोवर डोळे मिटून रामरक्षा म्हणायला लागली होती, तिनंही हलवली.

अडचण एवढीच की काका टोकाकडे पाठ करून बसले होते.

"दोन वाजता! दोन वाजता बघा!"

कॉलेजची पोरं उजवीकडे वळली. काकांचं बोट डावीकडे. नवं जोडपं एकमेकांकडे वळलं. आईनं रामरक्षा थांबवली, एक डोळा उघडून मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "आत्ता तर सव्वासात झालेत. दोनपर्यंत इथंच बसायचं?"

"गेला!" काका म्हणाले.

असं अकरा वेळा झालं. दर वेळी काकांना दिसायचा, आणि आमच्या माना वळेपर्यंत तिथं फक्त पाणी असायचं, तेही निर्विकार. नवव्या खेपेला काकांनी वही उघडली आणि विचारलं, "आत्तापर्यंत कोणाकोणाला दिसला? हात वर करा."

आणि हात वर झाले हो! पोरांचे चारही. जोडप्याचे दोन्ही, एकमेकांत गुंफलेले. बायकोचा हात वर. "तुला खरंच दिसला?" मी हळूच विचारलं. "अरे, काहीतरी काळं होतं." मुलगा म्हणाला, "पाठीवरचा पंख दिसला." मुलीला दोन दिसले होते, त्यातला एक गुलाबी. आईनं डोळे मिटूनच हात वर केला.

"तुम्ही?" काका.

"नाही."

"अजिबात नाही?"

"नाही."

काकांनी पेन थांबवलं. मग होडीवाल्याकडे वळून म्हणाले, "थांबवा. ह्यांचं राहिलंय."

ह्यांचं राहिलंय! जेवणाच्या पंगतीत म्हणतात तसं. होडी थांबली. थांबलेली होडी चालत्या होडीपेक्षा कितीतरी जास्त डोलते, हे तुम्हाला माहीत नसेल तर सांगून ठेवतो. डिझेलचा वास वर यायला लागला. काकूंनी पिशवीतून आवळासुपारी काढून सगळ्यांना वाटली. मलाही दिली, पण शेवटी आणि थोडी कमी. तेरा माणसं, त्यात होडीवाला धरलेला, माझ्या वतीनं समुद्राकडे बघत बसली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. एक पोरगा कुजबुजला, "काका, म्हणा ना दिसला. नाश्ता दहापर्यंतच आहे."

म्हणायला काय हरकत होती? आजवर मी साहेबांच्या मुलीच्या भरतनाट्यमला "अप्रतिम" म्हटलंय, न वाचलेल्या करारांवर सह्या केल्यात. पण त्या क्षणी काय झालं कोण जाणे, वेळासच्या सगळ्या रिकाम्या टोपल्या डोळ्यांपुढे आल्या आणि मी म्हणालो, "मला खरंच नाही दिसला."

मग काकांना माझी दया आली. त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढली, जी आतापर्यंत स्वतःच्या बायकोलाही दिली नव्हती, आणि माझ्या हातात ठेवली. "चार वाजता. सावकाश बघा." मी बघितलं. उजव्या भिंगात बुरशीची नक्षी होती. डाव्या भिंगात माझीच पापणी. बरंच फिरवल्यावर पापणी आणि बुरशी यांच्या मध्ये एक काळसर ठिपका वर-खाली होताना दिसला.

"दिसला?" तेरा जण.

"जाळ्याला बांधलेला थर्माकोल आहे," मी म्हणालो.

होडीत जी शांतता पसरली ती मी आयुष्यात विसरणार नाही. कारण त्या ठिपक्याचे फोटो तोवर तिघांनी घरच्या ग्रुपवर टाकले होते.

याच्यापुढचं मात्र मी गंमत म्हणून सांगत नाहीये. परतताना लांबवर कुठल्याशा होडीतून आरोळी आली आणि आजूबाजूच्या सहा होड्या एकदम तिकडे सुटल्या, आमची सातवी. सात इंजिनं, मधे घोटाभर धूर, आणि त्या गोलाच्या मधोमध म्हणे ते होतं. डॉल्फिन काही आपल्याला तोंड दाखवायला वर येत नाही. फुप्फुसं आहेत त्याला, श्वास घ्यायला येतो. आपण त्याच्या एका श्वासाला दर्शन म्हणतो आणि तो वर आला की सात बाजूंनी धावून जातो. दम लागलेल्या माणसाभोवती असं कुणी गोळा झालं तर आपण "हवा येऊ द्या" म्हणून ओरडतो. मी तसं होडीवाल्याला म्हणालोही. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "आमी नाय गेलो तर दुसरे जातत, साहेब. आणि दाखवलंव नाय तर लोक पैशावरून भांडतत." त्याचं बरोबर होतं. भांडणारे आम्हीच. मीसुद्धा किनाऱ्यावर उतरल्यावर पैसे देताना दोन मिनिटं रेंगाळलो होतो, कोणी काही कमी करतंय का बघत.

त्या गोलात सगळ्यांना पुन्हा दिसला. माझ्यापुढे कॉलेजच्या पोराची पाठ होती. पाठ मात्र अगदी जवळून दिसली.

दुपारी सिंधुदुर्ग किल्ला बघितला. किल्ल्यांचं मला आवडतं. महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतला, तीन वर्षांत पुरा केला, आणि तेव्हापासून तो त्याच बेटावर आहे. तिथं कुणी "काल होता" म्हणत नाही.

आंबोलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिथले बेडूक जगप्रसिद्ध आहेत, झाडावरून झाडावर तरंगत जाणारा हिरवा बेडूकही तिथंच बघायला मिळतो, पण पावसात. आम्ही उन्हाळ्यात गेलो. "जूनमध्ये या," असं सांगण्यात आलं. निदान तिथं "काल" नव्हतं. घाटात एका माकडानं मुलीच्या हातातलं काजूचं पाकीट नेलं आणि कठड्यावर बसून माझ्या डोळ्यांत डोळे घालून संपवलं. पाच दिवसांतला माझा हा एकमेव वन्यजीव. बायको म्हणाली, "बघ, तुला पण दिसलं की काहीतरी."

काकांनी होडीतच सगळ्यांचे नंबर घेऊन 'डॉल्फिन परिवार' नावाचा ग्रुप काढलाय. रोज सकाळी डॉल्फिनचं चित्र आणि सुविचार येतो. कालच्या चित्रात डॉल्फिनच्या मागे बर्फाचे डोंगर होते. आज काका पुन्हा कोकणात आहेत, वेळासला. सातला संदेश आला, "आज एकूण ९७ पिल्लं! अवर्णनीय!!" आणि खाली, "ज्यांचं राहिलंय त्यांनी पुढच्या वर्षी नक्की यावं." ज्यांचं म्हणजे कोणाचं, ते सगळ्यांना माहीत होतं. बारा अंगठे आले. त्यातला एक माझ्या बायकोचा.

लिफ्टमधून घरी आलो, दूध ओट्यावर ठेवलं आणि सरळ आईच्या खोलीत गेलो. बातमी चौथ्या मजल्यावर भजनी मंडळातून गेली, यात मला शंका नव्हती.

"आई, खरं सांग. होडीत तुझे डोळे मिटलेले होते ना?"

आई निवडत असलेल्या मेथीवरून मान वर न करता म्हणाली, "मग? उघडून काय पडायचं होतं पाण्यात?"

"मग तुला डॉल्फिन दिसला कसा?"

"अरे, सगळे म्हणत होते. म्हटलं, असेल. एवढी माणसं कशाला खोटं बोलतील?"

"मग खाली जाऊन त्या काकूंना एवढं सांगून ये, की तुलाही दिसला नव्हता."

"छे, आता कसं सांगू?" आई म्हणाली. "मी त्यांना शेपटी करून दाखवलीये."