‘तू सुंदर आहेस’ असं भिंतीवर रंगवण्याआधी

महिला दिन जवळ आला की सातारा असो नाहीतर सांगली, शाळा-कॉलेजांच्या भिंती रंगायला लागतात. चित्र ठरलेलं असतं. लांब मानेची, बारीक कमरेची, गोरीपान मुलगी, तिच्या उडत्या केसांतून निघालेली फुलपाखरं आणि खाली ठळक अक्षरांत ‘आहेस तशी सुंदर आहेस’. वाक्य एक सांगतं आणि चित्र त्याच्या बरोबर उलट. आठवीतली अंगानं भरलेली, रंगानं सावळी मुलगी त्या भिंतीखालून रोज ये-जा करते. तिला आधी चित्र दिसतं, वाक्य नंतर.

शरीराबद्दलचा न्यूनगंड कमी करायला चित्रकला वापरायची असेल तर घोषणा रंगवणं थांबवा आणि पोरांना बघायला शिकवा, एवढंच माझं म्हणणं आहे. स्वतःवर प्रेम करायला लावणारं कुठलंही औषध चित्रकलेकडे नाही. तिच्याकडे नीट बघण्याची सवय तेवढी आहे, आणि ती पुरेशी आहे. ‘काळी’, ‘जाडा’, ‘नकटी’ ही विशेषणं टिकून राहतात, कारण ती चिकटवणारा माणूस दोन सेकंदांपेक्षा जास्त कधी बघतच नाही.

घोषणांचं काय होतं ते तपासूनही झालंय. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य लोकांना मनाशी घोकायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच बरं होतं त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचं मत खालावलेलं होतं त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. म्हणजे गोळी ज्याच्यासाठी होती त्यालाच बाधली.

आता कामाचं बोलू. सगळ्यात जास्त फळ देणारा उपक्रम म्हणजे स्वतःच्या कातडीचा रंग तयार करणं. दीड तास लागतो, खर्च किरकोळ. पोस्टर कलरच्या चार बाटल्या पुरतात: यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) आणि पांढरा. काळा रंग मुद्दाम टेबलावर ठेवायचाच नाही. काळा मिसळला की रंग मरतो, आणि पिवळ्यात पडला की शेवाळी होतो. गडदपणा आणायचा तो बर्न्ट सिएनात चिमूटभर अल्ट्रामरीन घालून. खडूच्या डब्यातली ती गुलाबीसर कांडीही बाजूला काढा. मुलं माणूस रंगवायला तीच उचलतात आणि वर्गातल्या एकाही हाताशी ती जुळत नाही.

सुरुवातीचं माप सांगतो. गव्हाळ रंगासाठी यलो ऑकर दोन भाग, बर्न्ट सिएना एक भाग, पांढरा अर्धा भाग. सावळ्यासाठी बर्न्ट सिएना दोन भाग, यलो ऑकर एक भाग, अल्ट्रामरीन पाव भाग आणि पांढरा अजिबात नाही. इथून पुढे ज्याचं त्यानं. ब्रशच्या टोकावर येईल एवढाच रंग एका वेळी वाढवायचा. ड्रॉइंग पेपरच्या दोन सेंटिमीटर रुंद, आठ सेंटिमीटर लांब पट्ट्या कापून ठेवा. रंग पट्टीवर लावायचा, वाळू द्यायचा आणि मग पट्टी हातावर धरून बघायची. कातडीवर रंग लावू नका. गडद मिश्रण ओलं असताना आणखी गडद दिसतं आणि वाळलं की उजळतं, त्यामुळे ओल्या रंगावर भरवसा ठेवला तर शेवटी गडद रंगाच्या पट्ट्या फिकट निघतात.

चुका कुठे होतात? पहिली चूक पांढऱ्याची. रंग जरा गडद वाटला की पोरं पांढऱ्याच्या बाटलीकडे धावतात, आणि तयार होतो राखेसारखा निर्जीव रंग. उजळ करायचं असेल तर आधी यलो ऑकर वाढवायला सांगा. दुसरी चूक उजेडाची. पिवळ्या दिव्याखाली जुळवलेला रंग व्हरांड्यात आणला की वेगळाच दिसतो. शाळेची भिंत पोपटी असेल तर तिची झाक हातावर पडते, हे पुष्कळदा लक्षातच येत नाही. खिडकीपाशी किंवा सावलीतल्या ओट्यावर बसवा, थेट उन्हात नको.

मात्र खरी गंमत रंग जुळल्यावर सुरू होते. एक पट्टी जमली की सांगायचं, आता ती बोटाच्या पेरावर धर. जुळत नाही. पेराची कातडी गडद, तळहात गुलाबी, मनगटाची आतली बाजू हिरवटसर पिवळी, कोपर त्याहून वेगळं, आणि बांगडी किंवा घड्याळ असतं तिथला पट्टा आणखीच निराळा. एकाच हाताला पाच पट्ट्या लागतात. ‘मी काळी आहे’ असं ठामपणे सांगणाऱ्या मुलीसमोर तिनंच बनवलेले पाच रंग पडलेले असतात, आणि त्यातल्या एकाचंही नाव काळा नसतं. तिथे मास्तरांनी काही बोलू नये. बोललं की भाषण होतं.

पट्ट्यांना नावं मुलांनाच ठेवू द्या, पण जाहिरातीतली चॉकलेट-कॉफी नकोत. आपल्याकडे काय कमी आहे? काकवी, कंदी पेढा, बेदाणा, शेंगदाण्याचं टरफल, कृष्णेच्या काठचा गाळ. शेवटी पट्ट्या पुठ्ठ्यावर चिकटवताना सांभाळा. मुलं आपोआप उजळ ते गडद अशी रांग लावतात आणि मग ‘सगळ्यात शेवटी कोण’ हा खेळ सुरू होतो. एवढ्यानं सगळ्या दीड तासाचं वाटोळं होतं. हजेरी क्रमांकानं चिकटवा. वर्गात कुणाला कोड असेल तर ‘तुला दोन्ही रंग बनवायचे आहेत का’ असं आधी एकट्यात विचारा. ‘नाही’ म्हणाली तर विषय संपला.

दुसरा उपक्रम कागदाकडे न बघता हात काढण्याचा. पेन्सिलीचं टोक एका पुठ्ठ्याच्या भोकातून खाली काढायचं, म्हणजे चित्र झाकलेलं राहतं. डावा हात टेबलावर ठेवून त्याच्या कडेवर नजर फिरवायची, आणि मुंगी चालते त्या वेगानं पेन्सिलही. पाच मिनिटं, न उचलता. चित्र वेडंवाकडं येतं आणि सगळे हसतात. हे हसू कामाचं आहे, कारण ‘चांगलं आलं नाही’ ही भीती गेल्याशिवाय पुढचं काही होत नाही. इथे घाई ही एकच अडचण. दीड मिनिटात ‘झालं’ म्हणणाऱ्यानं हाताकडे बघितलेलंच नाही, त्याला पुन्हा बसवा.

आता ज्याच्याबद्दल मी सावध करणार आहे तो उपक्रम. मोठ्या कागदावर झोपायचं, दुसऱ्यानं अंगाभोवतीनं रेघ मारायची, मग ती आकृती रंगवायची. शिबिरांत हा फार लोकप्रिय आहे, फोटोही छान येतात. पण रेघ खोटं बोलते. पेन्सिलीची जाडी असते, ती बाहेर कलते, पंजाबी ड्रेसचा घेर मध्ये येतो आणि झोपल्यावर अंग पसरतं. कमरेपाशी दोन्ही बाजूंचे मिळून तीन-चार सेंटिमीटर सहज वाढतात. जिला आधीच आपण जाड आहोत असं वाटतं, तिच्यासमोर तुम्ही तिच्याहून रुंद आकृती ठेवता आणि म्हणता, हिच्यावर प्रेम कर. शिवाय वयात येणाऱ्या मुलीच्या अंगाभोवती कुणी हात फिरवायचा, हा प्रश्न आहेच. खाण्याच्या विकारांवर उपचार करणारे तज्ज्ञ ही रेघ वापरतात, पण ते नंतर त्या मुलीबरोबर तासन् तास बसतात. आपण चहा-बिस्किटं देऊन घरी पाठवतो.

त्याऐवजी तळव्यांची आणि पंज्यांची रेघ काढा, पेन्सिल उभी धरून. किंवा मोठ्यांच्या गटात शरीराचा नकाशा करा. केप टाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीत एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांनी २००२ साली असे नकाशे केले आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. तिथे अंगाभोवतीची रेघ होती. बचत गटात ती टाळून ब्राऊन पेपरवर हातानंच ढोबळ आकृती काढली तरी चालते. कागद चार फूट बाय सहा फूट, चौघींत एक. मग त्यात भरायचं: कुठे व्रण आहे, कुठे दुखतं, कुठे ताकद आहे. प्रश्न मात्र नेमके हवेत. ‘तुम्हाला तुमचं शरीर कसं वाटतं?’ असं विचारलं तर शांतता पसरते. ‘हळद काढताना सगळ्यात आधी काय भरून येतं?’, ‘या गुडघ्यांनी सज्जनगड किती वेळा चढलाय?’, ‘टाके कुठे कुठे पडलेत?’ असं विचारा, बायका थांबत नाहीत. अंग कसं दिसतं यावरून ते काय करतं याकडे लक्ष गेलं की स्वतःच्या शरीराबद्दल बरं वाटतं, हे नेदरलँड्समधल्या अभ्यासांतही दिसलंय. तिथे लिहायला लावलं होतं. आपल्याकडे पेन धरायला लाजणाऱ्या बायका रंगीत खडू बिनधास्त धरतात.

चित्रकला शिक्षकांसाठी एक गोष्ट. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांच्या स्मरणचित्रात पोरं जी माणसं काढतात ती सगळी एकाच साच्यातली: आठ डोक्यांची (म्हणजे डोक्याच्या लांबीच्या आठपट) उंची, सपाट पोट. बाजारातली बाईही तशी आणि बसस्टॉपवरचे आजोबाही तसेच. आठ डोकी हे शिकवायच्या सोयीचं माप आहे. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांची भरते, दहा वर्षांच्या मुलाची साडेसहाच्या आसपास, आणि फॅशनच्या चित्रातली बाई नऊ-दहा डोक्यांची असते, म्हणजे अशी बाई जगात नसते. सुतळी घ्या, डोक्याच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंत मापा, आणि ती उंचीत किती वेळा बसते ते मोजू द्या. अंबाडा धरू नका, सुतळी ताणू नका. जो आकडा येईल तो येईल. नंतर शनिवारच्या बाजारात वही घेऊन पाठवा.

सेल्फीचंही माप आहे. सुमारे ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असं गणित अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ साली मांडलं. एकाच चेहऱ्याचे दोन्ही फोटो शेजारी ठेवले की व्याख्यानाची गरज उरत नाही. फिल्टरवर आणखी वेगळं बोलत नाही, पोरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

सहल काढायची असेल तर औंध गाठा. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचं श्री भवानी वस्तुसंग्रहालय आपल्या सातारा जिल्ह्यात आहे आणि आपण पोरांना प्रतापगड-महाबळेश्वर दाखवून परत आणतो. तिथे राजा रविवर्म्याची ‘सैरंध्री’ आहे आणि हेन्री मूर या इंग्लिश शिल्पकाराचं आई आणि मूल हे शिल्पही. दोन्हींसमोर दहा-दहा मिनिटं बसवा (रेखाटनासाठी परवानगी आधी घ्या). मूरची आई ‘सुंदर’ या आपल्या व्याख्येत कुठेच बसत नाही, सगळा जडपणा आणि गोलाई. पण मुलाला आधार कुठून मिळतोय हे पोरं बरोबर दाखवतात. रविवर्म्यापाशी पदराच्या चुण्या, दंडाची जाडी बघायला सांगा. नुसतं ‘कशी वाटली?’ विचारू नका, ‘छान’ याशिवाय उत्तर येणार नाही.

मुलग्यांना कुणी विचारतच नाही. आपल्या भागात ‘काडी पैलवान’ ही शिवी पोरगं सहावीपासून ऐकतं आणि अकरावीत प्रोटीन पावडरचे डबे आणतं. त्यांच्यासाठी कानाचं चित्र घ्या. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या कुस्ती मैदानात उतरणाऱ्या पैलवानाचा कान बघा: मार बसून आत रक्त साकळतं, वेळेत काढलं नाही तर ते घट्ट होतं, आणि कानाच्या वळ्या मिटून गड्डा तयार होतो. हाच कान एखाद्या कारकुनाला असता तर त्यानं टोपीखाली लपवला असता. पैलवान तो मिरवतो. तालमीत जाऊन, विचारून, अर्धा तास तो कान काढायला लावा. गडद दोन-बी किंवा चार-बी पेन्सिल, ए-फोर कागदावर कान निदान वीतभर मोठा. लहान काढला की पोरं पाठ असलेलाच कान काढतात.

आता नियम, थोडक्यात. स्पर्धा नको, क्रमांक नको. दुसऱ्याच्या चित्रावर बोलताना अंगाबद्दल बोलायचं नाही, रेघेबद्दल आणि रंगाबद्दल बोलायचं. ‘बारीक दिसतेस’ हे कौतुकही नको. एखादं मूल आपलं चित्र फाडतंय, डबा परत नेतंय, जेवल्यावर उठून जातंय, सतत स्वतःला चिमटे काढतंय असं दिसलं तर तिथे चित्रकलेचं काम संपतं. पालकांशी आणि डॉक्टरांशी बोला. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणि चित्रं मुलांबरोबर घरी जाऊ द्या. उपक्रमाचे फोटो ग्रुपवर टाकू नका, नावांसकट तर नाहीच. वरून अहवाल मागितलाच तर रंगांच्या पट्ट्यांच्या पुठ्ठ्याचा फोटो जोडा, त्यात चेहरा कुणाचाच नसतो.