किरकोळ

आमच्या घरात गेल्या जूनमध्ये एका शब्दावर बंदी आली. शब्द अगदी साधा, घराघरांत दिवसातून दहा वेळा उच्चारला जाणारा. "एवढे पैसे कुठे गेले?" "किरकोळ खर्च होते गं." वयाची एकोणपन्नास वर्षं मी या एका उत्तरावर निभावून नेली होती. मग एका रविवारी दुपारी सौ.ने माझ्या क्रेडिट कार्डाचं बिल उघडलं.

मी ते लपवलं होतं असं नाही. बिल ई-मेलने येतं आणि त्या फाइलला पासवर्ड असतो, एवढ्या भरवशावर मी निर्धास्त होतो. पासवर्ड काय, तर नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. नाव तिने उखाण्यात घेतलेलं होतं आणि जन्मतारीख पत्रिका जुळवताना तिच्या वडिलांनी तीनदा तपासून घेतली होती.

बिलावर दोन आकडे होते. वर एकूण देणं, १,८४,३६० रुपये. त्याखाली किमान देय रक्कम, ९,२१८. गेले कित्येक महिने मी फक्त खालचा आकडा वाचत होतो. वरचा आकडा मला देवळातल्या देणगीदारांच्या पाटीसारखा वाटायचा. असतो तिथे, आपला संबंध नाही.

"हे किमान म्हणजे काय?"

"म्हणजे तेवढे भरले की बँक काही म्हणत नाही."

"ती कशाला काही म्हणेल?" असं म्हणून तिने पेन उचललं.

सौ. सातवीला गणित शिकवते. सरळव्याजाची उदाहरणं सोडवताना मुलं जांभया देतात अशी तिची जुनी तक्रार आहे. त्या दिवशी मात्र वर्गात एकच मुलगा होता आणि त्याला दरदरून घाम फुटला होता. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस. १,८४,३६० वर महिन्याचं व्याज ६,४५३. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, १,१६१. एकूण ७,६१४. म्हणजे मी ऐटीत ९,२१८ भरायचो, तेव्हा मूळ कर्जातले फिटायचे १,६०४.

"रोजचे २५४ रुपये झाले," ती म्हणाली. "स्टेशनबाहेर वडापाव वीस रुपयांना आहे. म्हणजे रोज बारा वडापाव आपण बँकेला चारतोय, वर आपल्याला ठसकासुद्धा नाही."

ही बारा वडापावांची गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही. दोनाच्या वर मी स्वतः कधी खाल्ले नाहीत.

बचावासाठी मी पेपरात वाचलेलं एक कात्रण काढलं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली अशा व्याजाला तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती आणि ती सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. म्हणजे बघ, परिस्थितीच अशी आहे.

"एअर फ्रायर घ्यायला कोर्टाने सांगितलं होतं का?"

इथून पुढे तिने मागच्या वर्षाची बिलं एकेक ओळ मोठ्याने वाचायला सुरुवात केली. एअर फ्रायर, ज्यात आजवर दोनदा पापड भाजले. फोन, 'नो कॉस्ट' हप्त्याचा. त्याच्या हप्त्यातल्या व्याजावरचा जीएसटी मात्र दर महिन्याला गुपचूप लागत होता. रिवॉर्ड पॉइंट पुरे व्हावेत म्हणून घेतलेला मिक्सर आणि त्या पॉइंटांतून 'फुकट' मिळालेली बॅग. विमानतळावरच्या लाउंजमध्ये इडली फुकट मिळते म्हणून नागपूरच्या दीड तासाच्या विमानासाठी मी चार तास आधी जाऊन बसलो होतो. त्या कार्डाची वार्षिक फी पाहता ती इडली सोन्याच्या वर्खाची निघाली. आणि सगळ्यात शेवटी, कार्ड यूपीआयला जोडल्यानंतरच्या त्या वीस-वीस, तीस-तीस रुपयांच्या ओळी.

"ही कोथिंबीर आहे?"

"किरकोळ गं ती..."

"बेचाळीस टक्क्यांनी कोथिंबीर आणलीत तुम्ही!"

आईने आतून विचारलं, "जुडी केवढ्याला म्हणाली ती?" त्याच क्षणी शब्दावर बंदी आली. यापुढे घराच्या हिशेबाच्या वहीत 'किरकोळ', 'इतर' आणि 'असंच' हे तीन शब्द लिहायचे नाहीत. जे असेल ते नावानिशी.

पहिला वार झाला एफडीवर. बँकेत साठ हजारांची एक ठेव होती, सात टक्क्यांची. सौ.चं म्हणणं सरळ होतं: सात टक्के मिळवायचे आणि बेचाळीस टक्के द्यायचे, हे सातवीतलं ढ पोरगंही करणार नाही. पण एफडी मोडणं ही आमच्याकडे हिशेबाची गोष्ट नसून धर्माची आहे. आईने जपमाळ खाली ठेवली. "मोडायची?" एवढंच म्हणाली, पण असं की जणू आम्ही भाच्याचा साखरपुडा मोडायला निघालोय. शेवटी 'मोडली' म्हणायचं नाही, 'कामाला लावली' म्हणायचं, या अटीवर परवानगी मिळाली.

उरले १,२४,३६०. महिन्याला बावीस हजार भरले तर सात महिने, असं वहीत निघालं. सीए करणारा भाचा म्हणाला, मामा, पर्सनल लोन काढा, निम्म्याहून कमी व्याजात काम होईल. त्याचं बरोबर होतं आणि मला ते फारच पटलं, इतकं की सौ.ला संशय आला. "लोनने कार्ड रिकामं होईल," ती म्हणाली, "आणि रिकामं कार्ड दिसलं की तुम्ही ते भराल. मग दोन्ही फेडा." गणिताच्या बाईने आयुष्यात एकदाच गणिताच्या विरुद्ध निर्णय दिला, तो माझा स्वभाव धरून. यावर अपील नव्हतं.

कार्ड कापलं नाही. ते माझ्या लग्नातल्या सुटाच्या आतल्या खिशात ठेवलं, कारण त्या सुटाकडे मी होऊन कधी बघत नाही. पण नुसत्या प्लॅस्टिकला कोंडून काय होतं? त्याचे आत्मे सहा ॲपमध्ये टोकन होऊन भटकत होते. सौ.ने एकेका ॲपमध्ये शिरून ते काढून टाकले. 'तुम्हाला नक्की हे कार्ड काढायचं आहे का?' असं प्रत्येक ॲप विचारायचं आणि प्रत्येक वेळी ती माझ्याकडे बघून 'हो' दाबायची.

मग आली पाकिटं. आईच्या ट्रंकेत आहेराची न वापरलेली अकरा पाकिटं होती, रुपयाचं नाणं चिकटवलेली. पगार झाला की बावीस हजार आधी बँकेला आणि उरलेले या पाकिटांत. त्यामुळे आमच्या कपाटात 'शुभ विवाह' या सोनेरी अक्षरांखाली 'लाइट बिल' आणि राधाकृष्णाच्या चित्राखाली 'गॅस' असं बॉलपेनने लिहिलेलं होतं. गणपतीचं पाकीट वेगळं. त्यातून इकडे रुपया यायचा नाही, इकडून तिकडे जायचा नाही. माझं पाकीट सगळ्यात चपटं होतं आणि त्यावर 'चि. सौ. कां.' छापलेलं होतं.

लोकलचा पहिल्या वर्गाचा पास गेला, दुसऱ्या वर्गाचा आला. याचं दुःख मला वाटलं तेवढं झालं नाही. डोंबिवलीहून सकाळी पहिल्या वर्गातही मी उभ्यानेच जात होतो, फक्त जास्त पैसे देऊन. शेजारच्या घामाचा दर्जाही फार वेगळा नाही. फरक असलाच तर एवढा की पहिल्या वर्गात पायावर पाय दिला तर 'सॉरी' म्हणतात, इथे 'पाय काढा' म्हणतात.

खरी परीक्षा ऑफिसात होती. आमच्याकडे रोज बाराच्या सुमाराला कोणीतरी "काय मागवायचं?" असं विचारतं आणि माणशी दोनशे-अडीचशे सहज जातात. 'माझं बजेट नाही' हे वाक्य मराठी माणूस मरेल पण म्हणणार नाही. मी म्हणालो, "आज उपास आहे."

तो सोमवार होता, त्यामुळे खपलं. मंगळवारी अंगारकी नव्हती, तरी मी मंगळवार धरला. गुरुवारी दत्ताचा. शनिवारी मारुतीचा. मग एकादशी, संकष्टी, प्रदोष. तोवर श्रावण लागला आणि माझं काम सोपं झालं. पण झालं असं की लोक मला मान द्यायला लागले. पलीकडच्या टेबलावरच्या बाई माझ्यासाठी डब्यातून साबुदाण्याची खिचडी आणू लागल्या. पाठीमागून पोळी-भाजीचा डबा जिन्यात उभ्याने खाणारा मी, समोर खिचडी खाऊन हात जोडू लागलो. दोन वेळचं जेवून वर उपास, अशाने माझं वजन अडीच किलो वाढलं. एकाने घराच्या वास्तुशांतीला कोणता दिवस बरा म्हणून विचारलं. मी शुक्रवार सांगितला, कारण शनिवारी मला जेवता आलं नसतं.

आणि मग श्रावणातल्या सत्यनारायणाला ऑफिसने एकमताने यजमान म्हणून मला बसवलं.

सोवळं नेसून पाटावर बसल्यावर लक्षात आलं की दक्षिणा यजमान देतो. गुरुजींनी पाचव्या अध्यायानंतर माझ्याकडे अशा मायेने पाहिलं की पाचशे एकच्या खाली उतरणं शक्य नव्हतं. माझ्या पाकिटात महिनाअखेरची एकच पाचशेची नोट होती. वरच्या एकासाठी मी पाकिटावरचं नाणं नखाने खरवडायला लागलो. आहेराच्या पाकिटाचा डिंक काय ताकदीचा असतो हे मी त्या दिवशी शिकलो. संपूर्ण आरती होईस्तोवर मी उपरण्याखाली खरवडत होतो आणि लोकांना वाटत होतं, यजमान जप करतायत.

रात्री सौ.ने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. नाण्याच्या जागी फाटक्या कागदाचा पांढरा गोल होता.

"पाचशे एक. कशाचे?"

जीभ सवयीने 'कि' पर्यंत गेली होती. मी ती मागे घेतली आणि सगळं सांगितलं, जिन्यातल्या डब्यासकट. ती इतकी हसली की आई उठून आली. मग आईला सांगितलं, तर आई हसली नाही. "उपासाचं खोटं बोलू नये," म्हणाली आणि पुढचे चार सोमवार तिने माझ्याकडून खरे करून घेतले.

गणपती, दसरा, दिवाळी यांची हकीकत लांबवत नाही. फराळ घरी झाला, आकाशकंदील मागच्याच वर्षीचा लावला, सेलच्या दिवसांत माझा फोन आईकडे असायचा. कर्ज हवंय का विचारायला आलेले फोन तीच घ्यायची आणि पलीकडच्या मुलीला, "तू जेवलीस का गं?" विचारायची. तिला पुन्हा फोन येईनासे झाले.

आकडे मात्र खरंच उतरत होते. १,०७,४९६. मग ८९,९३६. मग ७१,६५०. सौ. प्रत्येक आकड्याखाली दोन रेघा मारायची, उत्तर बरोबर आलं की मारतात तशा. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, डिसेंबरअखेर १२,१३६ उरले. जानेवारीचं बिल आलं १२,६३७ चं. बिल निघाल्याच्या अठराव्या दिवशी, रथसप्तमीच्या सकाळी, पगाराची आणि पाकिटांतली शिल्लक जमवून आम्ही ते पूर्ण भरलं. आईने माझ्या हातावर तिळाची वडी ठेवली. मी सुटाच्या खिशाला बाहेरूनच हात लावून आलो.

फेब्रुवारीत बिल आलं. ३१३ रुपये.

माझे हातपाय गार पडले. मी शपथेवर सांगतो, त्या कार्डाने मी एक काडीसुद्धा घेतली नव्हती. सौ. काही न बोलता वही घेऊन बसली. बिल निघाल्यापासून पैसे पोचेपर्यंतचे अठरा दिवस. १२,६३७ वर साडेतीन टक्क्यांनी तेवढ्या दिवसांचं व्याज २६५, त्यावर जीएसटी ४८.

"बरोबर आहे," ती म्हणाली. बँकेबद्दल तिच्या आवाजात प्रथमच जरा आदर होता.

तिने पैसे पाठवले. वहीत तारीख घातली, रक्कम लिहिली. तपशिलाच्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, थोडी घुटमळली आणि आपल्या सुरेख, वळणदार अक्षरात लिहिलं: किरकोळ.