मुंबई-लंडन म्हणे पाच तास!

काल रात्री सांगलीहून मावशीचा फोन. "अरे, लंडनचं विमान पाचच तासांचं आहे ना? मग दुपारचं इन्सुलिन घेऊन निघते, रात्रीचं पोचल्यावर बघू." मे महिन्यात ती लेकीकडे चालली आहे. हे 'पाच तास' तिला कुठे मिळाले? सोसायटीच्या ग्रुपवर, 'विमान कंपन्यांची लूट' नावाच्या फॉरवर्डमध्ये. एरवी मी असले मेसेज न वाचता पुसतो. हा वाचावा लागला.

मेसेज म्हणतो, तिकिटावर निघायची वेळ दुपारी १, पोचायची संध्याकाळी ६. म्हणजे प्रवास ५ तासांचा, आणि कंपन्या साडेनऊ सांगून पैसे उकळतात. अहो, तिकिटावरच्या वेळा ज्या त्या गावच्या असतात! मे महिन्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. तिथे ६ वाजतात तेव्हा सांगलीत रात्रीचे साडेदहा. आता १ पासून मोजा बोटांवर. चूक साधी आहे, पण त्या हिशेबावर कुणी जेवण आणि डोस ढकलायला बसलं की गंमत राहत नाही. रक्तातल्या साखरेला लंडनची वेळ कळत नाही. मावशीला म्हटलं, तिकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, खरे तास सांग, डोस कधी घ्यायचा ते लिहून आण. आणि इन्सुलिन पर्समध्येच ठेव, बॅगेत नको. विमानाच्या पोटात ते गोठून वाया जाऊ शकतं.

पुढचा शोध तर अफाट. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून विमान हवेत असताना लंडनच आपल्याकडे येतं! मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटरने फिरते. मेसेज खरा असता तर जुहूवर तासभर घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर ओमानच्या किनाऱ्यावर उतरलं असतं. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, बाबांनो. शिवाय प्रत्यक्षात उलटंच घडतं: लंडनला जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे, जेट स्ट्रीम. फेब्रुवारी २०२०मध्ये वादळी वाऱ्यांवर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, नेहमीपेक्षा तासाहून अधिक लवकर. त्या रात्री पृथ्वी काही जोरात फिरली नव्हती.

कंपन्या 'मुद्दाम वाकड्या रस्त्याने' नेतात, हा मेसेजचा तिसरा आरोप. कागदी नकाशा सोडा, पोरांच्या पृथ्वीगोलावर मुंबई ते लंडन सुतळी ताणा, तोच सगळ्यात जवळचा रस्ता. पाकिस्तान, इराण, जॉर्जिया, युक्रेन. साधारण ७,२०० किलोमीटर. निम्मं अंतर जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीच्या आसपास पडतं. आता युक्रेनचं आकाश २०२२पासून प्रवासी विमानांना बंद, आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५मध्ये भारतीय विमानांना मज्जाव केला. वळसा पडणारच, आणि त्याचं इंधन कंपनीच्याच खिशातून जातं.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य: वेळापत्रकात कंपन्या थोडा वेळ वाढवूनच लावतात. धावपट्टीपर्यंतची रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यात धरलेलं असतं. म्हणून तर कधीकधी अर्धा तास उशिरा सुटूनही विमान 'वेळेवर' पोचतं. पण म्हणून साडेनऊचे पाच होत नाहीत.

आज सकाळी मावशीचा पुन्हा फोन. डॉक्टरांनी चिठ्ठीवर शेजारी शेजारी दोन घड्याळं काढून दिली आहेत, एक इथलं, एक तिथलं. मनगटावरचं मात्र ती हीथ्रोला उतरेपर्यंत सांगलीच्याच वेळेवर ठेवणार आहे.