उताणं झोपलेलं बाळ दुधाने गुदमरतं, हे कुणी सांगितलं?

घरात बाळ आलं की बारशाच्या आधीच एक मेसेज फोनवर येऊन थडकतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, गाभा तोच राहतो: बाळाला रात्री उताणं झोपवू नका, ओकारी आली तर दूध श्वासनलिकेत जाऊन बाळ दगावतं. पालथं झोपवा, गॅस सुटतो, झोप गाढ लागते, डोकं चपटं होत नाही. पालथं ठेवायची भीती वाटली तर कुशीवर ठेवून दोन्ही बाजूंनी लोड लावा आणि डोक्याखाली मोहरीची उशी द्या. झोपेत अचानक बाळ जाणं वगैरे परदेशातल्या गोष्टी, आपल्याकडे नसतात. शेवटी हात जोडलेले आणि ‘प्रत्येक आईपर्यंत पोचवा’.

पाठवणारी मावशी किंवा आत्या काळजीपोटीच पाठवते, त्यात शंका नाही. पण यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला बाळाच्या जिवावर बेतू शकतो.

सुरुवात दुधापासूनच करू, कारण नव्या आईबाबांची झोप उडवणारी भीती हीच. स्वतःच्या गळ्यावर पुढून बोट ठेवून बघा. जी कडक, कड्याकड्यांची नळी हाताला लागते ती श्वासनलिका. अन्ननलिका तिच्या मागे, मणक्याच्या बाजूला असते. आता बाळ उताणं आहे असं डोळ्यांसमोर आणा. श्वासनलिका वर आली, अन्ननलिका खाली गेली. पोटातून उलटून आलेलं दूध खालच्या नळीच्या तोंडाशीच राहतं. श्वासनलिकेत शिरायचं तर त्याला वर चढावं लागेल. बाळ पालथं असेल तर बरोबर उलटं होतं. अन्ननलिका वर, श्वासनलिका खाली, म्हणजे आलेलं दूध श्वासनलिकेच्या तोंडावरच उतरणार. शिवाय निरोगी बाळ आलेलं दूध गिळतं, खोकतं किंवा तोंडाच्या कडेने बाहेर काढतं. ओठांच्या कोपऱ्यातून कानाकडे गेलेला दह्यासारखा ओघळ आणि खाली भिजलेलं दुपटं सकाळी दिसतं, ते ही यंत्रणा चालू असल्याची खूण आहे. अनेक देशांत बाळांना उताणं झोपवायला सुरुवात झाल्यावर दूध अडकून होणारे मृत्यू वाढले नाहीत. वारंवार ओकणाऱ्या बाळांनाही बालरोगतज्ज्ञ उताणंच झोपवायला सांगतात. श्वासमार्गाच्या रचनेतच दोष असलेली काही मोजकी बाळं याला अपवाद असतात, आणि ते त्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलेलं असतं. पाजल्यावर बाळाला खांद्यावर उभं धरून ढेकर काढा, हे मात्र मेसेजात नसलं तरी करायलाच हवं.

गंमत म्हणजे ‘उताणं झोपवलं तर ओकारीने गुदमरेल’ हा युक्तिवाद आपल्या आजीचा नाहीच. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतले डॉ. बेंजामिन स्पॉक यांनी आपल्या गाजलेल्या बालसंगोपनाच्या पुस्तकात नेमकं हेच कारण देऊन बाळांना पालथं झोपवायला सांगितलं होतं. लाखो घरांनी ते ऐकलं. तर्क वरवर पटण्यासारखा होता, तपासला मात्र कुणी नव्हता. नेदरलँड्समध्ये १९७०च्या दशकात पालथं झोपवण्याची पद्धत रुजली आणि झोपेत अचानक जाणाऱ्या बाळांची संख्या चढत गेली. १९८७पासून तिथे पालकांना हे थांबवायला सांगितलं गेलं आणि ती खाली आली. ब्रिटनमध्ये १९९१मध्ये मोहीम झाली, अमेरिकेत १९९४मध्ये. दोन्हीकडे काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. २००५मध्ये रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा दिसलं की पालथं झोपवण्यातला धोका १९७०पर्यंतच्या आकड्यांतही होता. तेव्हाच लक्ष दिलं असतं तर एकट्या ब्रिटनमध्ये १०,०००हून अधिक आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान ५०,००० बाळं वाचू शकली असती, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे जगाने मोठी किंमत मोजून टाकून दिलेला सल्ला आता ‘आपली परंपरा’ म्हणून आपल्याला परत पाठवला जातोय.

परंपरेचंच म्हणाल तर पाळण्यातलं बाळ आठवा. ते उताणंच असतं, म्हणून तर वर टांगलेल्या चिमण्या-पोपटांकडे बघत हातपाय झाडतं.

‘पालथं झोपलं की गाढ झोपतं’ हा मुद्दा मात्र खरा आहे, आणि घोळ तिथेच आहे. पालथं झोपलेलं बाळ सहजी जागं होत नाही. नाक गादीत दबलं, स्वतःच सोडलेली हवा पुन्हा आत जाऊ लागली किंवा अंग फार तापलं, तर बाळाने चुळबुळ करून, डोकं वळवून, रडून उठायला हवं. पालथ्या झोपेत नेमकी हीच जाग मंदावते. उताणं बाळ मधूनच दचकतं, किरकिरतं, आईबापांना पिडतं. त्या पिडण्यातच त्याची सुरक्षितता आहे. एरवी उताणं झोपणाऱ्या बाळाला एखाद्या दुपारी कुणी पालथं ठेवलं तर धोका अनेक पटींनी वाढतो. म्हणून आजी, मामी, पाळणाघरातल्या ताई, सगळ्यांना एकच नियम सांगून ठेवा. ‘आजचा दिवस झोपू दे गं पोटावर’ हेच वाक्य महागात पडतं.

काहीजण विचारतात, रुग्णालयात अतिदक्षता विभागात आमच्या बाळाला पालथं ठेवलेलं पाहिलं, त्याचं काय? कमी दिवसांच्या बाळांना श्वास घ्यायला मदत व्हावी म्हणून तसं ठेवतात, पण तिथे अंगाला यंत्र जोडलेलं असतं आणि नर्स समोर असते. तीही सवय घरी जाण्याआधी मोडायची असते.

कुशीवर झोपवणं म्हणजे सुवर्णमध्य वाटतं. तान्ह्या बाळाचं अंग कुशीवर टिकत नाही, थोडं कलंडलं की ते पालथंच होतं. मग ते कलंडू नये म्हणून लोड. बारशाला हमखास मिळणारा तो गादी-उशी-दोन लोडांचा गोंडस संच नीट बघा: फुगीर गादी, मऊ उशी, नाकाच्या उंचीचे लोड, कधी वर छोटी मच्छरदाणी. त्यातली जाळी तेवढी कामाची. बाळाला हवी सपाट, दाबल्यावर न दबणारी गादी आणि तिच्यावर ताणून बसवलेली चादर. सैल गोधडी, खेळणी, लोड काहीच नको. मोहरीची उशीही वर्षाच्या आत नको. मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकली तरी एवढ्याशा श्वासमार्गाला अडथळा होतो. लांब झोपेसाठी झोळी टाळायची तीही याचसाठी. आणि घरात झोपताना कुंची काढा. बाळाची बरीचशी उष्णता डोक्यावाटे बाहेर जाते, मे महिन्याच्या मुंबईत तर विचारायलाच नको.

डोकं चपटं होण्याची तक्रार खोटी नाही. उताणं झोपल्याने काही बाळांची एक बाजू बसते. त्यावर उपाय जागेपणी करायचा. एक दिवस उशाची बाजू पायथ्याला करा, म्हणजे दाराकडे किंवा उजेडाकडे बघायला बाळ मान दुसरीकडे वळवेल. आणि जागं असताना, कुणी समोर बसलेलं असताना, पालथं ठेवा. मालीशवाल्या बाई पाटावर पाय पसरून बाळाला नडगीवर पालथं घालतात, पाठ चोळतात, बाळ कण्हत मान उचलतं. तो यातलाच व्यायाम. गॅससाठीही पालथं हवं तर असंच, मांडीवर, जागेपणी. मान सतत एकाच बाजूला झुकत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आता ‘आपल्याकडे असं होत नाही’. आपल्याकडे घरात झोपेत गेलेल्या तान्ह्याचं शवविच्छेदन सहसा होत नाही. ओठाशी दूध दिसतं आणि ‘दूध अडकलं’ असं ठरून जातं. पण जीव जाताना किंवा गेल्यावरही पोटातलं दूध वर येतं. ते दिसलं म्हणजे मृत्यू त्यानेच झाला असं नाही. अशाच एखाद्या ऐकीव घटनेतून पुढचा मेसेज जन्मतो. उताणं झोपवल्याने फरक पडतो याचा आशियातला दाखला हवा तर हाँगकाँगचा घ्या. तिथे बाळांना उताणं झोपवण्याचीच रीत होती, आणि १९८५मध्ये डॉ. डेव्हिस यांनी तिथे असे मृत्यू फार क्वचित होतात याकडे लक्ष वेधलं होतं.

रात्रभर जागून पहारा देण्याने काही साधत नाही. उलट थकलेली आई बाळाला घेऊन सोफ्यावर बसल्याबसल्या पेंगली, तर तो प्रकार कुठल्याही स्थितीपेक्षा वाईट. बाळ त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या सपाट जागेवर असू द्या. सिगारेट-बिडी ओढणाऱ्या, दारू प्यायलेल्या किंवा झोपेची गोळी घेतलेल्या माणसाच्या अंथरुणात तर मुळीच नको. नवजात बाळ झोपेत पाच-दहा सेकंद श्वास थांबवून पुन्हा भराभर घेतं, ते नेहमीचं. थांबणं वीस सेकंदांपर्यंत लांबलं, ओठ निळसर झाले, अंग सैल पडलं, तर थेट रुग्णालय गाठा.

साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात बाळ स्वतःहून पालथं पडू लागतं आणि भीती नव्याने सुरू होते. वळण्याची पहिली खटपट दिसली की दुपट्यात गुंडाळणं त्याच दिवशी बंद करा. उताण्याचं पालथं आणि पालथ्याचं उताणं, दोन्ही त्याला जमू लागलं की रात्री उठूनउठून सरळ करायची गरज नाही. झोपवताना मात्र, पहिला वाढदिवस होईपर्यंत, उताणंच.