बॉम्बवाला सोडा, शाळांचं विचारा

बराक ओबामांबद्दल २००८च्या निवडणुकीपासून एक दावा फिरतो आहे: अतिरेकी बिल एअर्सने ओबामांना हाताशी धरलं आणि शिकागोच्या शाळांच्या नावाखाली दोघांनी पाच कोटी डॉलर आपल्या कंपूत वाटले. तेव्हा रिपब्लिकन पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनी प्रचारसभांत 'अतिरेक्यांशी दोस्ती'चा डंका पिटला होता. यात खरं-खोटं असं कालवलंय की निवडायला बसावंच लागतं.

एअर्सचा भूतकाळ खरा आहे. त्यांच्या 'वेदर अंडरग्राउंड' या कट्टर डाव्या संघटनेने १९७१मध्ये कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीत, आणि १९७२मध्ये पेंटॅगॉनमध्ये बॉम्ब फोडले. ओबामांचा जन्म १९६१चा. म्हणजे तेव्हा ते प्राथमिक शाळेत होते. पुढे सरकारनेच तपासात बेकायदा मार्ग वापरल्यामुळे एअर्सवरचे खटले बारगळले. १९९५पर्यंत ते इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो शाखेत शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक झाले होते.

आता पैसा. ती रक्कम ४ कोटी ९२ लाख डॉलर होती आणि देणारे होते वॉल्टर ॲननबर्ग, रिपब्लिकन, निक्सन यांचे ब्रिटनमधले राजदूत. 'शिकागो ॲननबर्ग चॅलेंज' या शाळासुधारणेच्या प्रकल्पासाठी अनुदानाचा अर्ज एअर्स आणि आणखी दोघांनी लिहिला हे खरं. पण पैसे मंजूर करायचं प्रकल्पाचं संचालक मंडळ. ओबामा १९९५ ते १९९९ त्याचे अध्यक्ष होते आणि त्याच मंडळात निक्सन सरकारात काम केलेले अरनॉल्ड वेबरही होते. हा डाव्यांचा कंपू असेल तर फारच विचित्र कंपू म्हणायचा! ओबामांना त्या खुर्चीवर एअर्सनी बसवलं, हेही त्या प्रकल्पातल्या लोकांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'शी बोलताना नाकारलं.

तरी ओबामांचं उत्तर मला कधीच पटलं नाही. एप्रिल २००८च्या वादविवादात ते म्हणाले, माझ्या भागात राहणारे एक इंग्रजीचे प्राध्यापक. इंग्रजीचे? दोघांना जोडणारा धागाच शिक्षणाचा होता! १९९५मध्ये ओबामांच्या पहिल्या निवडणुकीआधी एअर्सच्या घरी त्यांच्यासाठी बैठक झाली होती, पुढे 'वुड्स फंड' या शिकागोतल्या धर्मादाय संस्थेच्या मंडळावर तीनेक वर्षं दोघं एकत्र होते. याला जिगरी दोस्ती म्हणता येत नाही, पण नुसता शेजारही नाही.

या गदारोळात खरा प्रश्न राहूनच गेला: त्या पैशाने शाळांचं काय झालं? १९८८च्या कायद्याने शिकागोत प्रत्येक शाळेला निवडून आलेली, पालकांचं बहुमत असलेली परिषद मिळाली होती. आपल्या शाळा व्यवस्थापन समितीसारखी, पण मुख्याध्यापक नेमण्याचा अधिकार असलेली. ॲननबर्गचा पैसा याच विचाराला बळ देण्यासाठी होता. नेमक्या १९९५मध्येच शाळांची सूत्रं महापौर डेली यांच्या हाती गेली, आणि एकीकडे सत्ता वर सरकत असताना अनुदान मात्र सुमारे दोनशे शाळांत थोडंथोडं वाटलं गेलं. संशोधकांचा अंतिम अहवाल २००३मध्ये आला. निष्कर्ष असा की या शाळांतल्या मुलांची प्रगती शहरातल्या तशाच इतर शाळांपेक्षा वेगळी दिसत नाही.

प्रकल्पाच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणून ओबामांना जाब विचारायचा तो इथे. पण ऑगस्ट २००८मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयाने प्रकल्पाच्या कागदपत्रांची १३२ खोकी खुली केली, तेव्हा झुंबड उडाली ती इतिवृत्तांत एअर्सचं नाव शोधायला. अहवाल तर पाच वर्षांपासून सगळ्यांसमोर पडून होता.