बाकी सगळं मस्त झालंय!

"बाकी सगळं एकदम मस्त झालंय" असं म्हणत फोन सुरू झाला, की छोट्या मार्केटिंग एजन्सीच्या मालकाने हातातलं काम सेव्ह करून ठेवावं. पुढच्या श्वासात "फक्त" येतो आणि त्यामागोमाग संध्याकाळ जाते. "फक्त फोन नंबर बदलायचाय. दोन मिनिटांचं काम आहे हो."

असतंच दोन मिनिटांचं. समोरचा माणूस खोटं बोलत नसतो. आठ पानी माहितीपत्रकातला जुना नंबर खोडून नवा टाकायला तेवढाही वेळ लागत नाही. पण एका नंबराच्या जागी आता दोन आलेले असतात, शिवाय पुढे "सकाळी दहा ते सहा" अशी पुरवणी. ओळ वाढते. ओळ वाढली की खालचा परिच्छेद सरकतो. त्याची शेवटची ओळ पुढच्या पानावर एकटीच जाऊन बसते. तिला परत आणायला फोटो जरासा आखडावा लागतो, आणि आखडलेला फोटो शेजारच्या फोटोच्या रेषेत बसत नाही. मग छपाईची पीडीएफ नव्याने काढायची: चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा किनार), कटिंगच्या खुणा, फॉन्टचे आउटलाइन (अक्षरांच्या आकृत्या), चित्रं सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत. नवा नंबर स्वतः लावून बघायचा, कारण एक आकडा चुकला तर कुण्या अनोळखी गृहस्थाचं आयुष्य कायमचं बदलतं. एवढं होईतो आठवतं, की तोच नंबर वेबसाइटच्या तळाशी आहे, संपर्काच्या पानावर आहे, गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर आहे, चालू जाहिरातीतल्या कॉल बटणामागे आहे आणि अख्ख्या ऑफिसच्या ईमेल सहीत आहे. दीड-दोन तास गेले. बिलात याची नोंद होत नाही, कारण दोन मिनिटांचं बिल लावणारा माणूस चिंधी समजला जातो.

यावर जुनेजाणते सांगतात, करारात लिहा: बदलांच्या दोन फेऱ्या दरात धरल्या आहेत, तिसरीपासून तासाचा दर लागेल. छान आहे. मात्र फेरी म्हणजे काय तेही त्याच करारात लिहायला विसरू नये. फेरी म्हणजे सगळ्यांच्या सगळ्या सूचना, एकाच यादीत, एकाच माणसाकडून, एकदम. असं लिहिलं नाही तर मालक सोमवारी सुचवतात, भागीदार बुधवारी त्याच्या उलट सुचवतात, शुक्रवारी ते "घरी दाखवलं" जातं, आणि हे तिन्ही मिळून पहिलीच फेरी चालू आहे असं सगळ्यांचं प्रामाणिक मत असतं. शुद्धलेखनाची चूक आमची असेल तर ती फुकट दुरुस्त करायची, वाद नाही. पण "निळ्याऐवजी जरा आनंदी रंग बघू या का" ही चूकदुरुस्ती नव्हे. हा फरक काम सुरू व्हायच्या आधी समजावता येतो. नंतर समजावलं की ते भांडण होतं.

तीन पर्याय दाखवण्याची हौसही महागात पडते. तीन डिझाइन दाखवली की ग्राहक पहिल्याचं डोकं, दुसऱ्याचं पोट आणि तिसऱ्याची शेपटी निवडतो. त्यातून जो प्राणी उभा राहतो त्याच्याशी आपली ओळख नसते, पण नाव आपलंच लागतं. एकच दाखवावं, आणि ते असंच का केलंय हे चार वाक्यांत सांगावं. फारच आग्रह झाला तर दोन.

फायलींच्या नावांबद्दल थोडं. "फायनल", "फायनल २", "फायनल खरंच", "हेच फायनल" आणि "फायनल जुनं वापरा" या पाच फायली ज्या फोल्डरमध्ये नांदतात, तिथून छापखान्यात नेमकी चौथी जाते. नावाच्या सुरुवातीला तारीख टाकावी: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. नावानुसार लावलं की फायली आपोआप काळानुसार रांगेत उभ्या राहतात. फायलीच्या नावात "फायनल" लिहिण्यावर तर ऑफिसात बंदीच असावी. ते नशिबाला आव्हान दिल्यासारखं आहे.

आता लोगो. नव्या ग्राहकाकडे लोगो मागितला की तो वर्डच्या फायलीत चिकटवलेला येतो. कधी व्हिजिटिंग कार्डाचा फोटो येतो, त्यात अंगठ्यासकट. "वेबसाइटवरून घ्या ना" असंही उत्तर येतं. तिथे तो २०० पिक्सेल रुंद असतो. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे हा लोगो जेमतेम १.७ सेंटिमीटर रुंदीपर्यंत धड छापला जाईल. दहा सेंटिमीटर हवा असेल तर सुमारे १,१८० पिक्सेल पाहिजेत. ग्राहकाला मात्र तो दुकानावरच्या पाटीसाठी हवा असतो. अशा वेळी एसव्हीजी, इलस्ट्रेटरची एआय किंवा ईपीएस फाइल मागावी. "पीडीएफ आहे" असं उत्तर आलं तर हुरळून जाऊ नये. ती उघडून ८०० टक्के मोठी करून बघावी. कडा गुळगुळीत राहिल्या तर खरा व्हेक्टर, म्हणजे कितीही मोठा केला तरी न फाटणारा. पायऱ्या दिसल्या तर कोणीतरी तोच फोटो पीडीएफच्या वेष्टनात घालून पाठवलाय. व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचं तर "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" हे सांगायलाच हवं, नाहीतर चित्र वाटेत आणखी वाळतं.

लोगो छापून आला की "हा आमचा निळा नाहीये." खरंच नसतो. स्क्रीन प्रकाश फेकते, शाई प्रकाश शोषते, आणि फोनवर झगमगणारा निळा किंवा पोपटी सीएमवायकेच्या चार शायांच्या आवाक्यातच नसतो. तो छापताना मलूल होणारच. त्यात मालकांचा फोन वेगळा निळा दाखवतो आणि भागीदारांचा वेगळा. पॅन्टोनचा (ठरावीक शायांच्या रंगयादीतला) नंबर ठरवावा, छापील प्रूफ काढावं, त्यावर सही घ्यावी. स्क्रीनवर मंजूर झालेल्या रंगाच्या जिवावर पाच हजार प्रती काढणाऱ्याच्या धाडसाचं कौतुक आहे, पण त्याच्याकडे नोकरी करू नये.

वेबसाइटच्या कामात तर "मजकूर आम्ही देतो" हे वाक्य ऐकताच कॅलेंडरमध्ये दोन महिने जादा धरावेत. डिझाइन तयार असतं, पानं तयार असतात, फक्त "आमच्याविषयी" या पानाचे दीडशे शब्द यायचे असतात. स्वतःविषयी दीडशे शब्द लिहायला बसलेला माणूस आधी दोन आठवडे गप्प होतो आणि मग आजोबांपासून सुरुवात करतो. तोवर त्या जागी लोरेम इप्सम, म्हणजे जागा भरायचा निरर्थक मजकूर, उभं असतं. हा रोमन लेखक सिसेरोच्या इसवी सनापूर्वी ४५ मधल्या लॅटिन लिखाणाचा मोडतोड केलेला तुकडा. एवढा वेळेवर मजकूर देणारा दुसरा लेखक आमच्या धंद्याला लाभलेला नाही. मजकूर लिहिण्याचं काम पहिल्यापासून आपल्याच दरपत्रकात घालावं, आणि करारात आणखी एक कलम असावं: काम दाखवल्यापासून दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर ते मंजूर समजलं जाईल. पैशाचा शेवटचा हप्ता "अंतिम मंजुरी"ला बांधला, की ती मंजुरी ग्राहकाच्या मूडवर अवलंबून राहते. हप्ता तारखेला बांधावा. तारखेला मूड नसतो.

जाहिरातींचा छळ वेगळ्या जातीचा. मंगळवारी सकाळी फोन: "काल दुप्पट पैसे कापले!" कापलेले असतात. गूगल अ‍ॅड्समध्ये रोजचं बजेट हे सरासरी असतं. एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, पण महिन्याला रोजच्या बजेटच्या ३०.४ पटींपुढे आकारणी जात नाही. हे पहिल्याच बैठकीत सांगितलं तर माहिती ठरते, मंगळवारी सांगितलं तर सबब. बुधवारी दुसरा फोन: "मला आमची जाहिरात दिसतच नाहीये." मालकांनी सकाळपासून स्वतःचीच जाहिरात चाळीस वेळा शोधलेली असते आणि एकदाही क्लिक केलेलं नसतं. त्यावरून यंत्रणेने ओळखलेलं असतं, की या माणसाला हा माल नकोय, आणि ती दाखवणं थांबवते. क्लिक केलं असतं तर स्वतःच्याच खिशाला कात्री. अशा उत्साही मालकांसाठी गूगलने जाहिरातीच्या खात्यातच प्रिव्ह्यूची सोय ठेवली आहे. ती दाखवून द्यावी आणि तेवढ्यासाठी खात्याचा पासवर्ड परस्पर फिरवू नये.

आणि ब्रॉड मॅचवर, म्हणजे मिळत्याजुळत्या शोधांनाही जाहिरात दिसावी अशा बेताने, सोडलेले शब्द! ढेकूण मारणाऱ्या कंपनीची जाहिरात "ढेकूण घरगुती उपाय" शोधणाऱ्यालाही दिसते आणि "पेस्ट कंट्रोल नोकरी" शोधणाऱ्यालाही. दोघेही आनंदाने क्लिक करतात, आणि पैसे ग्राहकाचे जातात. "नोकरी", "पगार", "फुकट", "घरगुती", "म्हणजे काय" हे शब्द पहिल्या दिवशीच निगेटिव्ह यादीत, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायचीच नाही त्या शब्दांत, टाकावेत, आणि लोकांनी खरोखर काय टाइप केलं त्याचा सर्च टर्म्सचा अहवाल दर आठवड्याला वाचावा. मनुष्यस्वभावाचा याहून प्रामाणिक दस्तऐवज मिळायचा नाही.

जाहिरातींचा खर्च आपल्या कार्डावर कधीही घेऊ नये. ग्राहक "बिलात लावा" म्हणतो, तेव्हा फार विश्वास टाकल्यासारखं वाटतं. पण जाहिरातवाले ठरावीक रक्कम साचली की लगेच वसूल करतात, आणि आपलं बिल निघतं तीस-पंचेचाळीस दिवसांनी. मधल्या काळात आपण बँक झालेलो असतो, तीही बिनव्याजी. खातं ग्राहकाच्या नावाचं, कार्ड ग्राहकाचं, आपल्याला फक्त मॅनेजर म्हणून प्रवेश.

दर ठरवण्याचं गणित तर बहुतेकांचं पहिल्याच ओळीत फसतं. ५२ आठवडे गुणिले ४० तास म्हणजे २,०८० तास. वर्षाचा खर्च आणि आपला पगार भागिले २,०८०, झाला तासाचा दर. सुट्ट्या, आजारपण, सणवार यांचे सहा आठवडे वजा करा, उरले ४६. आठवड्याच्या चाळीस तासांतले दरपत्रकं, बैठका, वसुली आणि पासवर्ड शोधणं यांत पंधरा जातात, बिल लावता येतात पंचवीस. हिशेब येतो १,१५० तासांचा. म्हणजे पहिल्या गणिताने दर लावणारा लागणाऱ्या पैशाच्या ५५ टक्क्यांवर राबतो आणि "सध्या भरपूर काम आहे" म्हणून खुशीत असतो. त्यात एकाच ग्राहकाकडून निम्मं उत्पन्न येत असेल तर त्याला एजन्सी म्हणायचं केवळ सौजन्य. ती रजा नसलेली नोकरी आहे.

राहता राहिला डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव. तो कोणाच्या नावावर आहे हे कराराच्या आधी विचारावं. उत्तर ठरलेलं: भाच्याच्या. भाच्याने कॉलेजात असताना हौसेने घेऊन दिलेला असतो, आता भाचा परदेशी आणि कार्डाची मुदत संपलेली. डॉट कॉम नूतनीकरणाविना हटवला गेला, की सोडवून घ्यायला ३० दिवस मिळतात, तेही जादा शुल्क भरून. त्यानंतर ५ दिवस कोणालाच हात लावता येत नाही, आणि मग तो पहिल्या येणाऱ्याचा. बंद पडते ती नुसती वेबसाइट नव्हे, तिच्याबरोबर ऑफिसची सगळी मेलही. इथे सगळे धावत पासवर्ड बदलायला जातात. डोमेन विकणारा रजिस्ट्रार तत्परतेने पासवर्ड बदलण्याची लिंक पाठवतो, खात्यात नोंदवलेल्या ईमेल पत्त्यावर. तो पत्ता त्याच डोमेनवरचा असतो.